माझे मामेसासरे आणि कळंबाची फांदी

देवानं माणसाच्या मागं दोनच गोष्टी अशा लावल्या आहेत की ज्यांच्यातून सुटका नाही: एक मरण आणि दुसरे माझे मामेसासरे. त्यातल्या त्यात मरण बरं. ते येतं, घेऊन जातं, चौकशी करत बसत नाही. मामा चौकशी करत. "तुमी मूळचं कुठलं?" हा त्यांचा प्रश्न भोर संस्थानातल्या यच्चयावत माणसांना, आणि मला वाटतं काही बैलांनासुद्धा, एकदा तरी विचारून झाला होता. समोरच्यानं आपल्या गावाचं नाव सांगितलं की मामा मान डोलवत आणि म्हणत, "ते झालं आत्ताचं. त्याच्या आदी?" त्यानं आजोबाचं गाव सांगावं. "बरं. त्याच्या आदी?" असं करत करत ते माणसाला पार डोंगराच्या कड्यापर्यंत ढकलत नेत आणि मागं वाट उरली नाही म्हणजे सोडत. आठवडे बाजारात मिठाचं ओझं घेतलेला एखादा गडी त्यांनी धरला की ओझं पाठीवरच राही आणि तो बिचारा घामाघूम होऊन खापरपणजा आठवत उभा राही. एक माळीण तर त्यांना लांबून येताना बघितलं की कोथिंबिरीची जुडी काढून हातावर ठेवी आणि म्हणे, "घ्या आन जावा बाबा. म्या हितलीच हाय." एकदा पुण्याहून कोणी बडे साहेब कचेरीच्या तपासणीला आले होते. मामा आपले गर्दीतून वाट काढत पुढं गेले आणि विचारते झाले. साहेब कौतुकानं म्हणाले, "आम्ही पुण्याचे." मामा म्हणाले, "पुन्यात मूळचं कुनीच नसतंय सायेब. आटवून बगा." साहेब हसले खरे, पण म्हणतात की दुपारच्या जेवणावर त्यांचं लक्ष लागलं नाही.

दिसायला मामा उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडी आणि डोक्याला भलं मोठं मुंडासं. भोरच्या वरच्या अंगाला, वेल्ह्याकडं डोंगर चढायला लागतात तिथं त्यांचं गाव. भाताची चार खाचरं, वरच्या उतारावर नाचणी, गोठ्यात दोन बैल. पण शेतीत त्यांचं चित्त कधी नव्हतंच. औत धरलं आणि बांधावरून अनोळखी माणूस चालला की औत जागच्या जागी, बैल सावलीला, आणि मामा त्या माणसाबरोबर पुढच्या गावाला. मामी म्हणायच्या, "दुसऱ्यांच्या मुळाशी जाता जाता आमच्या भाताच्या मुळाशी तण माजलं की हो." मामींचा स्वभाव तसा शांत, बारा महिने एकच गोष्ट ओरडून सांगण्यापुरताच काय तो आवाज वाढे.

कोणाला वाटेल, म्हातारा नुसता चोंबडा होता. तसं नव्हतं. त्यांचा एक कायदा होता आणि तो ब्रिटिश सरकारच्या कायद्याहून कडक होता. "एकाचं बोलनं म्हंजे निसतं बोलनं. दोघांचं एक आलं तर साक्ष," असं ते म्हणत. तुम्ही म्हणालात की आमचे पूर्वज राजगडावर किल्लेदार होते, तर मामा हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत तुमचे पूर्वज आपले गडाच्या पायथ्याशी ताटकळत बसलेले. एका गावच्या पाटलांनी भर पंगतीत आपल्या घराण्याची तलवार, घोडा, इनाम सगळं ऐकवलं. मामा जिलबी खात खात म्हणाले, "तुमचं खापरपणजं हितं घरजावई म्हून आलं हुतं. तलवार सासऱ्याची. घोडा न्हवता, गाढव हुतं. दोघं सांगत्यात." पाटील लालबुंद झाले. पण गंमत बघा, पुढच्या वर्षी त्याच पाटलांनी मामांना मुद्दाम बोलावून विचारलं, "आमचं आजं मूळचं कुठल्या गावचं, तेवढं सांगा की. जाऊन देवाला नारळ फोडीन म्हंतो." माणसाला तलवार लागत नाही, पत्ता लागतो, असं त्यावर मामांचं म्हणणं.

बरं, हा कायदा दुसऱ्यांपुरताच नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घराण्यात अशी वदंता होती की मूळ पुरुष गडावर लढता लढता पडला. मामांनी चार पावसाळे खोरं पालथं घातलं आणि शेवटी शोध लावला की मूळ पुरुष गडावर लढत नव्हता, गडावर ताक पोचवत होता. दुसऱ्या एखाद्यानं हा शोध गुपचूप गिळला असता. मामांनी गूळ वाटला! घरोघर जाऊन, "आमी ताकवालं निगालो बरं का," असं सांगत गूळ वाटला. भावकी खवळली. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "लोकं वाडवडलांच्या तलवारी काढत्यात, ह्यांनी माठ काढला." मामांना त्यात काहीच उणं वाटलं नाही. उन्हाळ्यात गड चढलेल्या माणसाला तलवार हवी असते की ताक, असं ते उलट विचारत आणि गूळ घेऊन पुढच्या घरी जात.

नदीवर बायका धुणं आपटायच्या तो दगड पालथा घातलेला वीरगळ आहे, असंही त्यांनीच हुडकून काढलं. खालून हात घातला तर ढाल-तलवार घेतलेला माणूस हाताला लागला. झालं! मामा दगडावर आडवे. "आदी मला आपटा, मंग त्याला." बायकांनी ओले पिळे उगारले म्हणे. शेवटी मामांनी आपले बैल जुंपून वरच्या ओढ्यातून दुसरा चांगला सपाट दगड ओढून आणला आणि वीर देवळाच्या पारावर नेऊन उभा केला. चार दिवसांनी बायका तक्रार घेऊन घरी हजर: नव्या दगडावर मळ निघत नाही, आमचा वीर परत द्या. मामांनी दगड काही दिला नाही, पण त्यांना मनापासून बरं वाटलं. बायका त्याला 'आमचा वीर' म्हणाल्या होत्या.

आणि उपयोग होता बरं का या वेडाचा. धरण झालं आणि खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. कोणी शिवऱ्याकडं गेलं, कोणी नीरेच्या खालच्या अंगाला, कोणी मुंबईला गोदीत. चुलतभावाला चुलतभावाचा ठाव राहिला नाही. रामनवमीच्या उत्सवाला बारा मावळातली माणसं भोरात लोटत, तेव्हा ही उठून गेलेली माणसं आधी मामांना शोधत, मग रामाला. मामा राजवाड्यापासल्या चिंचेखाली बैठक मारून बसलेले. "तुजी आत्या का? ती भोंगवलीच्या शिवाराला हाय. पोरगं शेळ्या राखतंय. दुसरं साळंत जातंय." एक म्हातारा नुसतं ऐकून ढसाढसा रडला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मामांनी त्याचा हात धरला आणि त्याला म्हणाले, "गाव पान्यात गेलं, मानसं न्हाई गेली. गप." तेवढ्या दिवसांपुरतं ते बुडालेलं गाव मामांच्या भोवती चिंचेखाली भरलेलं असे. मला तरी त्या उत्सवात त्याहून मोठं काही दिसलं नाही.

पण मामांचा सगळ्यात मोठा षोक म्हणजे देवक. आमच्याकडं प्रत्येक कुळाचं आपलं देवक असतं. कुणाचं वड, कुणाचं मोराचं पीस, कुणाचा एखादा वेल. लग्नात ते मांडवाच्या खांबाला बांधून पुजायचं. एका देवकाची दोन घरं म्हणजे भावकी. त्यांच्यात सोयरीक होत नाही. इतकं महत्त्वाचं असूनही माणसं ते खुशाल विसरतात. आणि विसरली की पाच झाडांची पानं बांधून मोकळी होतात. पाच पानांत कुठलं तरी आपलं निघेल, असा हिशेब. मामांना या पाच पानांचा भयंकर राग. "पाच पानं म्हंजे इसरभोळ्यांचं देवक," ते म्हणत. खोऱ्यात कुठंही ताशा वाजला की मामा निमंत्रण असो नसो हजर, आणि नवरानवरीकडं न बघता थेट खांबाकडं. पाच पानं दिसली की तिथंच यजमानाची उलटतपासणी सुरू. अक्षता हातात घेऊन वऱ्हाड खोळंबलेलं, भटजी घटिकापात्राकडं बघत घसा खाकरताहेत, आणि नवऱ्याचा बाप मामांना आपल्या पणजोबाचं गाव सांगतोय, असं दृश्य मी एकाहून अधिक लग्नांत पाहिलं आहे. हसूही आलं आहे. स्वतःच्या लग्नाची पाळी आली तेव्हा मात्र हसू पळालं.

मी तेव्हा भोरच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मामा एकदा मामींना हिवतापाचं औषध घ्यायला घेऊन आले. बरोबर त्यांची भाची होती. तिचे आईवडील मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले. मामांना स्वतःचं मूल नव्हतं, त्यांनी आणि मामींनीच तिला वाढवलं. मी बाटलीला मात्रांची कागदी पट्टी चिकटवत होतो आणि मामांनी सुरुवात केली. "तुमी मूळचं कुठलं?" म्हटलं, भोंगवलीचा. "त्याच्या आदी?" बाहेर रोग्यांची रांग, आत डॉक्टर हाका मारताहेत, माझं डोकं आधीच तापलेलं. मी ओरडलो, "त्याच्या आधी आईच्या पोटात होतो!" भाची पदर तोंडाला लावून खुदकन हसली. मामा मात्र गंभीरपणे म्हणाले, "बरं. मंग आई कुठली?"

त्या हसण्यानं माझा निकाल लागला. पुढं महिनाभर मामींना औषध पोचवायला मी स्वतः डोंगर चढलो, ताप उतरल्यावरसुद्धा. मामी शहाण्या, त्यांनी ओळखलं. मोठी माणसं बसली, सुपारी फुटली, तिथी धरली. तिनं माझ्याकडं एकदाच नीट बघितलं आणि हळूच विचारलं, "तुमी मामांवर वरडला, तसं रोज वरडता का हो?" मी म्हटलं, "नाही, फक्त गर्दी असली की." ती म्हणाली, "मंग बरं." एवढं बोलणं, पण मला वाटलं माझं आयुष्य मार्गी लागलं. आणि नेमकं तेव्हा मामांनी माझ्या वडलांना विचारलं, "पावनं, तुमचं देवक काय?"

वडील भाबडे. ते अभिमानानं म्हणाले, "पाच पानं!"

मामांच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटली ती मी विंचू चावलेल्यांच्या तोंडावरच पाहिली होती. त्यांनी मामींकडं बघितलं, मामींनी डोळे वटारले. तरी मामांना राहवेना. म्हणाले, "त्याच्या आदी?" वडील म्हणाले, आदी-बिदी काय ठाऊक नाही, आमचे लोक वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या कुठल्याशा वाडीतून खाली आले, एवढंच ऐकून आहोत. मामांनी काठी उचलली. "चला जावईबापू, जाऊन येऊ. पोरीला खरं घर देतोय का निसतं घर देतोय, ते मला बगाया पायजे." भाचीच्या बापाच्या कुळात तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. त्या कुळाचं गाव, देव, देवक, सगळं आता मामांच्या डोक्यात होतं आणि ते तिला लग्नात खणखणीत द्यायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तिच्या बापाचं देवक कळंब, म्हणजे कदंबाचं झाड. मांडवात पोरीसाठी कळंबाची फांदी लागणार, ती कुठल्या झाडाची हेसुद्धा त्यांनी बघून ठेवलं होतं.

आम्ही निघालो. तोरणा एका अंगाला, खाली नदी, वर चढ. वाटेत भेटेल त्याला मामा विचारत चालले होते, म्हणजे चालणं कमी आणि थांबणं जास्त. मी मनातल्या मनात चडफडत होतो. एवढा आटापिटा कशाला, पाच पानांनी कुणाचं काय बिघडलंय! शेवटी पठारावरच्या एका धनगरवाड्यात एक म्हातारी भेटली. दोन मेंढरं, एक कुत्रं, आणि तोंडात एक दात. मामांनी आमचं कुळ सांगितल्याबरोबर ती म्हणाली, "खालच्या वाडीतलं व्हय? ते गेलं की कवाच उठून. त्यांच्या लग्नात फांदी न्यायचा मान आमचा हुता. माजा सासरा न्यायचा. त्याला टावेल आन नारळ मिळायचा." मामांचे डोळे चमकले. चार पावसाळे हुडकून जे मिळत नाही ते असं बसल्या जागी मिळालं होतं. ते पुढं सरकून म्हणाले, "कसली फांदी, आज्जे?"

"कळंबाची," म्हातारी म्हणाली.

पुढं सरकलेले मामा मागं सरकले. मला समजायला वेळ लागला. तिचं कळंब, माझं कळंब. भावकी. लग्न होत नाही. एवढा वेळ मी चिडचिड करत होतो. शेवटी मीच मामांच्या कायद्याचा आधार घेतला. म्हटलं, "मामा, एकाचंच बोलणं झालं हे. साक्ष नव्हे." म्हातारी बिचारी मदतीला धावली. म्हणाली, "झाड दावते की. हितंच हाय." वाड्याच्या मागं उतारावर जुना कळंब उभा होता. त्याच्या बुंध्यावर हात पोचेल एवढ्या उंचीवर फांद्या छाटल्याच्या जुन्या खुणा होत्या, साल वर येऊन मिटलेल्या. दर लग्नाची एक. मामांनी प्रत्येक खुणेवरून हात फिरवला. हा दुसरा साक्षीदार फिरवता येण्यातला नव्हता.

परतताना मामा एका ओढ्याशी बसले. वाटेवरून एक अनोळखी माणूस गेला, त्यालाही त्यांनी हटकलं नाही, तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, "मामा, आपण दोघंच होतो. खाली कोणाला कळणार नाही." ते म्हणाले, "मला कळलंय नव्हं. म्या जलमभर लोकांच्या पंगतीत बसून त्यांचं खरं काडलं. आता माज्या पोरीच्या येळंला गप बसू?" मग म्हणाले, "आन बोललो तर पोर मरंल. तुमच्या पायी वाटंकडं डोळं लावून बसती ती. मला दिसत न्हाई का?" आणि माझ्यादेखत तो उंच माणूस मुंडाशाचं टोक डोळ्यांना लावून रडला.

मग त्यांना वाट सुचली. देवक देवाचं, देवालाच विचारायचं. खोऱ्याच्या तोंडाशी आईचं, म्हणजे आमच्या देवीचं, देऊळ आहे, तिथं कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर आईचं हो, डावी पडली तर नाही. गुरव आला, त्यानं कण्हेरीच्या दोन कळ्या लावल्या आणि समई घेऊन बाजूला उभा राहिला. मामा मूर्तीच्या अगदी जवळ गुडघे टेकून बसले, मी त्यांच्या मागं. मामांनी हात जोडले. "आई, ह्यांनी पिढ्यान्पिढ्या पाच पानं पुजली. इसरून का हुईना, पर मनापासनं पुजली. तीच ह्यांचं देवक धरायची का? धरायची असली तर उजवी दे. न्हाईतर डावी दे. तू म्हनशील ते म्या सगळ्यांना सांगंन."

कळ्या हलेनात. बाहेर गुरं परतायला लागली, घंटा वाजत गेल्या, कळ्या जागच्या जागी. मी नवस बोलून थकलो. एवढ्यात डावी कळी किंचित थरथरली. मला लख्ख दिसली.  आणि त्याच क्षणी मी पाहिलं की मामांचे गाल फुगले. उभ्या जन्मात जो माणूस खोटं बोलला नाही, ज्यानं स्वतःच्या पूर्वजाला गडावरून खाली उतरवून ताकाचा माठ दिला, त्या माणसानं आईच्या तोंडासमोर उजव्या कळीवर हळूच फुंकर मारली.

उजवी कळी पडली. गुरव म्हणाला, "आईनं कौल दिला." मामांनी डोकं टेकलं ते पुष्कळ वेळ वर केलंच नाही.

खाली आल्यावर मामांनी दोन्हीकडची माणसं गोळा करून सगळं सांगितलं: धनगरवाडा, म्हातारी, झाड, कौल. सगळं खरं, फक्त एक श्वास सोडून. कुजबुज झाली, माझ्या चुलत्यानं तर चपला पायांत घातल्या होत्या. पण वडील उठून म्हणाले, "आईनं हो म्हटल्यावर आमी कोन? पाच पानं तर पाच पानं." लग्न लागलं. तिच्या बाजूला कळंब, माझ्या बाजूला पाच पानं. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा पाच पानांना हळदकुंकू वाहिलं.

आमचा संसार चांगला झाला. मी गर्दी असली की ओरडतो, ती पदर लावून हसते. मामा बदलले, पण इतके थोडे की मामींनासुद्धा कळलं नसावं. लोकांना धरून विचारायचे तसेच, पण कोणी पाच पानं म्हणालं की आता पुढं विचारत नसत. "असतील. असत्यात," म्हणत आणि घोंगडी झटकून उठत. आणि दरवर्षी, भाताची कापणी झाली की, एकटेच साडीचोळी आणि नारळ घेऊन आईच्या देवळाला जात. भाची म्हणे, आमच्या लग्नाचा नवस फेडतात. मला ठाऊक होतं की तो नवस नव्हे, दंड आहे. मी त्यांना कधी छेडलं नाही, आणि ते मला कधी बोलले नाहीत.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात मामांचे पाय गेले. आम्ही त्यांना भोरला आणलं. त्या वर्षी मामांनी साडीचोळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तेवडं आईला पोचवा. म्हनावं, यायचं हुतं." सर्व्हिस मोटारीनं जाता येईल तेवढं गेलो, पुढं चाललो. गुरव तोच, आता म्हातारा. ओटी भरून झाल्यावर त्यानं चौकशी केली, मामा का आले नाहीत म्हणून. मी सांगितलं. त्यानं जरा इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "त्यास्नी एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं. त्या दिसी फुंकर मारली त्यांनी. म्या समईकडनं बगत हुतो. पर उजवी कळी आदीच सुटली हुती. आईच्या अंगावरनं निगाली हुती, खाली यायचीच काय ती राहिली हुती. म्हटलं, मोटं मानूस, कसं बोलायचं."  वर्षावर्षाला एक माणूस मान खाली घालून साडीचोळी आणतो, ती बघून गुरवाला दया आली असेल की खरंच त्याच्या बाजूनं त्याला तसं दिसलं असेल, मला कळलं नाही. कळून घ्यावंसंही वाटलं नाही.

घरी आलो तेव्हा मामा अंगणात उन्हाला घोंगडीवर पडले होते. बायको आत भाकऱ्या थापत होती. मी जवळ बसलो आणि गुरव जे म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. मामा कोपरावर उठले. "समई कुठल्या अंगाला हुती?" त्यांनी विचारलं. उजव्या, मी म्हटलं. "बरोबर. उजव्याच. मंग त्याला दिसनार." ते डोळे मिटून पडले. मला वाटलं, झोपले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, खांदे हलायला लागले, आणि मामा हसले. इतकी वर्षं अडकून राहिलेलं हसू होतं ते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, ठसका लागेपर्यंत हसले.

"म्हंजे पोरीचं लगीन आईनंच लावलं म्हना," ते म्हणाले. "म्या आपलं उगाचच फुंकलं."

पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली आणि म्हणाली, "काय झालं मामा? कशाला हसताय एवढं?" मामांनी तिच्याकडं डोळे भरून पाहिलं. "काय न्हाई गं," ते म्हणाले, "तुजी भाकरी करपंल बग. जा."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. नंतर फार दिवस राहिले नाहीत.